घरच्या फिश टँकला कोणता फिल्टर? मुंबईकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

दर मे महिन्यात, पहिल्या पावसात आणि गणपतीच्या आठ दिवस आधी हेच प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारे बहुतेक वन-रूम-किचन किंवा वन-बीएचकेमधले, टँक दीड ते तीन फुटांचा, आणि घरात एक तरी माणूस माशांच्या विरोधात. उत्तरं त्या हिशेबानं लिहिली आहेत. तीच गोष्ट पुन्हा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फिल्टर लागतोच का? लहानपणी आमच्याकडे काचेच्या बरणीत मासे तसेच राहायचे.

राहायचे, पण किती दिवस ते आठवून बघा. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा वर्षं सहज काढतो. बरणीतला चार-सहा महिन्यांत उलटा तरंगला की आपण "तेवढंच आयुष्य होतं त्याचं" म्हणून कुंडीत पुरायचो. मासा ज्या पाण्यात राहतो त्यातच घाण करतो, कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, आणि न खाल्लेले दाणे कुजून त्यात भर घालतात. नदीत हे सगळं वाहून जातं, बरणीत कुठे जाणार? रोज पाणी बदलणं हा उपाय आहे, पण तो नेम पहिल्या पंधरवड्यानंतर कोणाच्या घरी टिकतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

२. पाणी नितळ दिसतंय. मग फिल्टर नेमकं करतो काय?

अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे नितळ पाण्यातही मासे मरतात.

फिल्टरचं पहिलं काम झाडूचं: तरंगणारा कचरा स्पंजात किंवा वूलमध्ये (फिल्टरच्या कापसात) अडवणं. दुसरं, हवं असेल तर, पाण्यातला वास, पिवळेपणा किंवा औषध शोषून घेणं (प्रश्न १२). तिसरं काम डोळ्यांना दिसत नाही आणि खरं महत्त्वाचं तेच. स्पंजाच्या आणि सिरॅमिक रिंगांच्या भोकाभोकांत जिवाणूंची वस्ती होते. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट थोडेसुद्धा मारक. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात, आणि आठवड्याला पाव टँक पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं.

म्हणून फिल्टर बघताना "पाणी किती जोरात फेकतो" याच्या आधी "जिवाणूंना जागा किती देतो" हे बघायचं. जागेची किंमत मुंबईकराला वेगळी समजवायला नको.

३. एअर पंप लावलाय, छान बुडबुडे येतात. तो फिल्टरच झाला ना?

नाही. नुसत्या एअर स्टोनमुळे, म्हणजे नळीच्या टोकाच्या बुडबुडे काढणाऱ्या दगडामुळे, पाणी हलतं आणि त्यात हवा मिसळते, पण कचरा अडत नाही आणि जिवाणूंना घर मिळत नाही. मात्र पंप फेकू नका. त्याच नळीला एअर स्टोनऐवजी स्पंज फिल्टर जोडा, काम झालं.

४. दुकानात सहा-सात प्रकार दाखवतात. कुठला कोणासाठी?

कुर्ल्यात किंवा क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर डोकं गरगरेल इतके बॉक्स समोर मांडतात. प्रकार मोजकेच आहेत.

स्पंज फिल्टर: एअर पंपावर चालतो. बुडबुडे वर जाताना स्पंजातून पाणी ओढून नेतात. आत मोटार नाही, बिघडायला काही नाही, स्वस्त, आणि जिवाणूंसाठी झकास. दिसायला ओबडधोबड आणि पंपाची घरघर, एवढेच दोष. दोन फुटांपर्यंतच्या टँकला, मासे मोजके असतील तर, मी पहिलं नाव याचंच घेतो. दुकानदार सहसा शेवटी घेतो, कारण त्यात सुटतं कमी.

इंटर्नल फिल्टर: पाण्यात बुडवायची छोटी मोटार आणि तिला लावलेला स्पंज. आवाज जवळजवळ नाही. पण बरेचदा स्पंजाचा तुकडा एवढासा असतो की झाडू होतो, वस्ती होत नाही. घ्यायचाच तर मोठ्या स्पंजाचा किंवा रिंगांचा कप्पा असलेला घ्या.

टॉप फिल्टर: पॉवर हेड, म्हणजे पाणी ढकलणारी छोटी मोटार, पाणी वर खेचतो, टँकवरच्या ट्रेमधून ते वूल आणि रिंगांवरून गाळून खाली पडतं. आपल्याकडच्या झाकणवाल्या टँकांवर हा हमखास दिसतो. झाकण उघडलं की वूल हाताशी येतं, म्हणून आळशी माणसाकडूनही साफ होतो. ट्रेमध्ये नुसतं वूल न भरता अर्ध्या जागेत रिंग टाकल्या तर तो भल्याभल्यांना भारी पडतो.

हँग-ऑन: टँकच्या मागच्या काचेवर बाहेरून अडकवायचा, पाणी धबधब्यासारखं परत पडतं. दोन ते तीन फुटांना चांगला. बसेल की नाही ते आधी बघा (प्रश्न ९).

कॅनिस्टर: टँकखाली कपाटात ठेवायचा बंद डबा, दोन पाइप वर. रिंगांना भरपूर जागा, आवाज कमी, टँकमध्ये पसारा नाही. तीन फूट आणि पुढे, किंवा मोठे खादाड मासे असतील तर पैसे वसूल. दोन फुटी टँकात दहा गप्पींसाठी तो घेणं म्हणजे चाळीतल्या खोलीला लिफ्ट. धुणं कटकटीचं असल्यामुळे लोक ते पुढे ढकलतात, आणि वीज गेल्यावर त्याची एक वेगळीच भानगड होते (प्रश्न १४).

अंडरग्रॅव्हल प्लेट: वाळूखाली जाळीची प्लेट. एके काळी घरोघरी हीच असायची. चालते, पण दोन वर्षांनी प्लेटखाली साठलेला गाळ काढायला अख्खा टँक उपसावा लागतो. नव्यानं लावू नका.

संप म्हणजे खाली ठेवलेला दुसरा टँक. चार फुटांच्या पुढचं काम, इथे विषय नको.

५. माझा टँक २४ × १२ × १५ इंच आहे. किती लिटर-तासाचा फिल्टर घेऊ?

लांबी, रुंदी, उंची इंचांत गुणा आणि ६१ ने भागा. तुमचे साधारण ७० लिटर आले. वाळू, दगड आणि वर सोडलेली दोन बोटं जागा धरली तर खरं पाणी ५५ ते ६०. साध्या मिश्र टँकात तासाला चार-पाच वेळा पाणी फिरावं, म्हणजे २४० ते ३०० लिटर.

पण बॉक्सवरचा आकडा रिकाम्या मोटारीचा असतो. आत स्पंज, रिंग, वर कचरा, आणि पाणी जितकं उंच चढवायचं तितकी धार कमी. म्हणून तुम्ही ३५० ते ४०० लिहिलेला घ्या. स्पंज फिल्टरला हा हिशेब लावू नका, त्याच्या बॉक्सवर किती लिटरच्या टँकसाठी ते लिहिलेलं असतं. त्याच्या एक माप वरचा उचला.

६. दुकानदार म्हणाला, मोठाच घ्या, मोठ्यानं नुकसान कधीच नाही.

जिवाणूंच्या जागेबाबत खरं, धारेबाबत नाही. फायटर (बेटा) माशाचे पंख म्हणजे ओला पदर. जोराच्या धारेत तो दिवसभर पोहत राहतो, थकतो, कोपऱ्यात दबून बसतो, खाणं सोडतो. फायटरला, लांब शेपटीच्या गप्पीला आणि छोट्या पिल्लांना स्पंज फिल्टर, तोही एअर पंपाची चकती कमी करून. मोठा फिल्टर आधीच घेतला असेल तर तोंड काचेकडे वळवा किंवा धारेसमोर झाड लावा.

७. दोन गोल्डफिश आहेत, बोटाएवढे. दीड फुटी टँक. आठवड्यात पाणी गढूळ होतं. फिल्टर बदलू?

फिल्टरपेक्षा टँक बदला. गोल्डफिश दिसायला गोंडस, पण खाण्याला आणि घाणीला दोघांचा हिशेब टेट्रांसारख्या चार छोट्या माशांच्या टोळीलाही मागे टाकतो, आणि ते बोटाएवढे राहत नाहीत. त्यांना किमान अडीच-तीन फूट आणि तासाला आठ-दहा वेळा पाणी फिरवणारा फिल्टर द्या. एका फिल्टरनं हे जमवण्यापेक्षा दोन लावावेत: टॉप किंवा हँग-ऑन, जोडीला एक स्पंज. एक धुतला तरी दुसऱ्यातली वस्ती शाबूत राहते. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर या मोठ्या माशांनाही हेच लागू.

तोवर खाणं निम्मं करा. बहुतेक "गढूळ पाण्याच्या" तक्रारी घरातले तिघं वेगवेगळे दाणे टाकत असतात तिथल्या असतात.

८. गप्पीची पिल्लं फिल्टरमध्ये ओढली जातात.

पाणी खेचणाऱ्या तोंडावर स्पंजाची टोपी चढवा. दुकानात मिळते, नसेल तर टँकच्या स्पंजाचा तुकडा भोक पाडून बसवा. भांडी घासायचा स्पंज नको, त्यात काही वेळा जंतुनाशक असतं. छोटी कोळंबी पाळणाऱ्यांनाही हाच उपाय, नाहीतर सरळ स्पंज फिल्टर.

९. हँग-ऑन आणला, पण टँकवर बसतच नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच टँकांना वरच्या कडेनं आतून काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि वर झाकण असतं. हँग-ऑनच्या खाचेत मावते फक्त एक काच, पट्टी नाही. पट्टी काढू नका, पाण्याच्या दाबानं काच बाहेर फुगू नये म्हणून ती असते. टॉप किंवा इंटर्नल घ्या. घेण्याआधी कडेची जाडी, मागे भिंतीपर्यंतचं अंतर आणि झाकणाला मागे कापलेली जागा आहे का, हे तिन्ही मोजून मोबाइलमध्ये फोटो घेऊन दुकानात जा.

१०. नुकताच आणलेला नवा टँक, महागडा फिल्टर, आणि पाणी दुधासारखं. तिसऱ्या दिवशी दोन मासे गेले.

फिल्टर नवा म्हणजे रिकामी इमारत. राहणारे अजून आले नाहीत. अमोनिया खाणारे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. मुंबईच्या उष्ण पाण्यात थोडे लवकर, पण आठवड्यात नक्कीच नाही. दुधाळपणा म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या दुसऱ्याच जिवाणूंची लाट. ती आपोआप ओसरते, त्यासाठी सगळा टँक धुवून काढलात की गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर.

आता एवढंच करा: फिल्टर चोवीस तास चालू, दाणे एक दिवसाआड चिमूटभर, रोज पाव टँक क्लोरीन काढलेलं पाणी बदला, नवे मासे नकोत. अमोनिया मोजायचं थेंबांचं किट मिळालं तर घ्या, अंदाज बांधत बसावं लागत नाही. हे सगळं लवकर उरकायचा एक मार्ग आहे, तो प्रश्न २१ मध्ये.

११. फिल्टर किती दिवसांनी आणि कसा धुवायचा?

धार मंदावली की. साधारण स्पंज पंधरा दिवसांनी, टॉपचं वूल आठवड्यानं, कॅनिस्टर दीड-दोन महिन्यांनी. टँकमधून काढलेलं पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज चार वेळा पिळा, झालं. तो परत नव्यासारखा दिसायची गरज नाही.

नळाखाली मात्र कधीच नाही. मी हे एकदा केलंय. दिवाळीची साफसफाई होती, हात चालत होता, त्या ओघात स्पंज आणि रिंग दोन्ही नळाखाली चोळून चोळून पांढऱ्याशुभ्र केल्या. भाऊबीजेपर्यंत आठ मॉली गेल्या. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारायलाच घातलेलं असतं, त्याला आपले-परके कळत नाहीत. स्पंज आणि रिंग एकाच दिवशी धुवायच्या नाहीत हेही तेव्हाच शिकलो. मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

१२. बॉक्सवर लिहिलंय, कार्बनचं पाकीट दर महिन्याला बदला. बदलू का?

कार्बन म्हणजे वास, रंग, औषध शोषून घेणारा कोळसा, तो महिनाभरात भरून जातो हे खरं. पण रोजच्या टँकला तो लागतच नाही. औषधाचा कोर्स संपल्यावर उरलेलं औषध काढायला किंवा लाकडामुळे पाणी चहासारखं झालं तर वापरा. औषध चालू असताना मात्र काढून ठेवा, नाहीतर मिथिलीन ब्लू माशाला लागण्याआधी कार्बनलाच लागेल. पाकिटाबरोबर वूल चिकटलेलं असेल तर सगळं एकदम फेकू नका, वस्ती त्या वुलातच असते. कप्प्यात रिंग किंवा स्पंजाचा तुकडा घाला, मग पाकीट गेलं तरी फरक पडत नाही.

१३. रात्री आवाजामुळे झोप लागत नाही आणि बिलाचीही भीती. रात्रीचा बंद ठेवला तर?

नको. वाहत्या पाण्यातून येणाऱ्या ऑक्सिजनवरच जिवाणू जगतात, आणि रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात.

बिलाचा हिशेब: ५ वॉटची मोटार चोवीस तास, तीस दिवस म्हणजे ३.६ युनिट. १५ वॉटचा कॅनिस्टर १०.८ युनिट. २,००० वॉटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला ३० युनिट होतात, बचत करायची तर तिथे करा.

आवाजासाठी: एअर पंप लाकडी कपाटावर ठेवू नका, कपाट ढोलकीसारखं घुमतं. खाली जुन्या योगा मॅटचा तुकडा घाला किंवा दोरीनं हुकाला लटकवा. हँग-ऑन खळखळत असेल तर टँकमधलं पाणी दोन बोटं वाढवा, पडायची उंची घटते. मोटार अचानक कुरकुरू लागली तर इंपेलरजवळ (मोटारीतल्या फिरत्या पंख्याजवळ) वाळूचा कण शोधा.

१४. वीज गेली तर किती वेळ चालतं?

मुंबई शहरात सहसा वेळ येत नाही. कल्याण, वसईच्या पुढे राहणाऱ्यांनी वाचा. तास-दोन तास कोणत्याच फिल्टरला काही होत नाही. स्पंज पाण्यातच उघडा असल्यानं जास्त तग धरतो. कॅनिस्टर मात्र बंद डबा: आतला ऑक्सिजन संपतो, वस्ती मरू लागते, पाणी सडतं. पाच-सहा तासांनी वीज आल्यावर ते काळं पाणी एकदम टँकमध्ये येऊ देऊ नका. आधी डबा उघडून पाणी ओता, रिंग टँकच्या पाण्यात विसळा, मगच सुरू करा.

एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात, तिथून बोर्डात जाऊ शकतं. चेक व्हॉल्व्ह नावाची छोटी वस्तू नळीत बसवा, चहाच्या पैशात येते. वायरही बोर्डाच्या खाली एक झोळ घेऊन वर न्या, म्हणजे थेंब झोळाशीच गळतो. टँकात हात घालण्याआधी प्लग काढायचा हे वेगळं सांगत नाही.

१५. गणपतीला आठ दिवस कोकणात चाललोय. घरातला मेन स्विच बंद करून जावं का?

टँकचा प्लग सोडून बाकीचं बंद करा. फिल्टर निघायच्या दिवशी धुवू नका, आठवडाभर आधी धुवा, म्हणजे काही बिघडलं तर ते तुमच्यासमोर बिघडेल. मोठे, धडधाकट मासे आठ दिवस उपाशी राहू शकतात. शेजारच्या काकूंना किल्ली देत असाल तर दाण्यांचा डबा लपवून ठेवा, किंवा दोन-तीन पुड्या बांधून द्या. माया उतू जाऊन मेलेले मासे उपासानं मेलेल्यांपेक्षा जास्त पाहिलेत.

१६. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, क्लोरीनचा वासही येतो. फिल्टर सांभाळेल?

क्लोरीन काढणं फिल्टरचं काम नाही, उलट क्लोरीन फिल्टरलाच मारतं. पाणी पिंपात उघडं ठेवून चोवीस तास जाऊ द्या, शक्य असेल तर त्यात एअर स्टोन सोडा. घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब, बाटलीवरच्या मापानं. गढूळपणा पिंपात तळाशी बसतो, वरचंच पाणी घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये वूल लवकर भरतं, तेव्हा प्रश्न ११ मधलं वेळापत्रक निम्म्यावर आणा.

१७. आमच्या सोसायटीत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी.

पालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांतलं, पावसाचं, मऊ. बोअरचं जड, आणि समुद्राजवळ कधी खारटही. मॉली, गप्पीला ते आवडतं, टेट्रांना नाही. फिल्टरपुरता त्रास म्हणजे इंपेलरवर पांढरा थर चढून मोटार अडते. महिन्यातून एकदा इंपेलर काढून तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा, स्वच्छ धुवून बसवा. फक्त इंपेलर, रिंग नव्हे.

१८. पाणी हिरवंगार झालंय. मोठा फिल्टर घेऊ?

हिरवा रंग तरंगत्या शेवाळाचा, तो स्पंजातून आरपार जातो. खिडकीतलं ऊन आणि जास्त दाणे ही कारणं. टँक हलवा, दिवा दिवसाला सहा तासांवर आणा. यूव्ही दिवा असलेला फिल्टर हिरवं पाणी खरोखर साफ करतो, पण अमोनिया कमी करत नाही. काचेवरच्या शेवाळावरही त्याचा उपयोग नाही.

१९. मे महिन्यात मासे पाण्याच्या वर येऊन तोंड वासतात. फिल्टर तर चालू आहे.

तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५. फिल्टर पाणी फिरवत असेल, पण वरचा पृष्ठभाग स्तब्ध असेल तर उपयोग नाही. बाहेर येणाऱ्या पाण्याचं तोंड वरच्या दिशेला करा, लाटा दिसल्या पाहिजेत. सोबत एअर स्टोन, वर पंखा, दिवा बंद. टँकमधल्या झाडांसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड घालणारे मुद्दाम पृष्ठभाग शांत ठेवतात, त्यांनीही मेमध्ये रात्री तरी एअर पंप लावावा. आणि तोंड वासणं हिवाळ्यातही दिसलं तर उष्णतेला दोष देऊ नका, अमोनिया मोजा.

२०. टँक तीन वर्षांचा, फिल्टर उत्तम, जुने मासे ठणठणीत. पण नवे आणले की दोन दिवसांत मरतात.

ही सगळ्यांत फसवी तक्रार. मुंबईच्या मऊ पाण्यात आम्लाला आवर घालणारे क्षार थोडे असतात, आणि अमोनिया पचवताना जिवाणू सतत आम्ल तयार करतात. पाणी कमी बदललं, किंवा बाष्पीभवन झालं म्हणून नुसतं वरून भरत राहिलं, किंवा "शुद्ध" म्हणून आरओचं पाणी घातलं, की पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) वर्षभरात हळूहळू सहाच्या आसपास येतो. तिथे जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. फिल्टर फिरतोय, पण आतली वस्ती संपावर. एवढ्या आम्ल पाण्यात अमोनिया कमी विषारी रूपात असतो आणि जुने मासे त्याला हळूहळू सरावलेले असतात. नव्यांना ती सवय नसते.

इथे घाबरून निम्मं पाणी बदलाल तर पीएच एकदम चढेल, साठलेला अमोनिया विषारी होईल आणि जुनेही जातील. रोज दहा टक्केच बदला, दोन आठवडे. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपल्यांचे तुकडे ठेवा, ते सावकाश विरघळून पीएच सावरतात. गिरगाव किंवा जुहूला वेचलेले चालतील, पण दोन-तीनदा उकळून आणि मीठ पूर्ण जाईपर्यंत धुवून. मग महिन्यातून एकदा पीएच मोजत राहा.

२१. मित्र त्याचा जुना फिल्टर देतोय. घ्यावा की नवाच?

मोटार नवी घ्या हवं तर, पण त्याचा मळका स्पंज हातचा सोडू नका. प्रश्न १० मधले चार-सहा आठवडे त्या एका स्पंजामुळे काही दिवसांवर येतात. आधी विचारा, त्याच्या टँकमध्ये गेल्या महिन्यात माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग किंवा कुठलं औषध झालं होतं का. झालं असेल तर नको.

आणायची पद्धत: स्पंज पिळायचा नाही. पिशवीत तो भिजण्यापुरतंच टँकचं पाणी आणि बाकी सगळी हवा, वर गाठ. गर्दीची वेळ टाळून लोकल पकडा, उन्हात पिशवी धरू नका, आणि दोन-तीन तासांत टँकमध्ये टाका. नव्या फिल्टरच्या कप्प्यात मावत नसेल तर धारेसमोर नुसता सोडून द्या, महिन्याभरात वस्ती नव्या स्पंजावर सरकते. त्याच दिवशी दोन-तीन मासेही सोडा, कारण खायला अमोनिया नसेल तर आणलेले जिवाणूही उपाशी मरतात.